पुरा हाय का कमी?

परवा बीडला जाऊन एक सिनेमा बघून आलो. अंतराळातला, अफाट खर्चाचा, आणि दुसरा भाग. सिनेमा संपला, पडद्यावर नावं चढायला लागली तशी माणसं उठली. मी बसून राहिलो. झाडूवाली बाई माझ्या रांगेपर्यंत आली.

"काका, संपलं की!"

"तू झाड बाई, मी पाय वर घेतो," मी म्हणालो. "एक माणूस यायचाय."

तिनं वळून दाराकडं बघितलं. माझा माणूस दारातून यायचा नव्हता. तो पडद्यावरून यायचा होता. त्याची वाट तरी मी कुठं बघत होतो? ती बघत होते आमचे म्हाळूनाना. मी नुसता त्यांच्या जागेवर बसलो होतो.

पाटोद्यात टॉकीजसमोर माझं हॉटेल. आता टॉकीज उरलं नाही, हॉटेल तेवढं आहे, आणि तरीही लोक पत्ता 'टॉकीजसमोर' असाच सांगतात. पण टॉकीज होतं तेव्हा माझ्या हॉटेलाला एक मान होता. दारात एक काळा फळा टांगलेला असे. शुक्रवारी पहिला खेळ सुटला की माणसं समोरून थेट माझ्या बाकड्यांवर येऊन बसत, चहा पीत आणि सिनेमावर मत देत. मी ते खडूनं फळ्यावर लिही. खेड्यांवरून जीपनं आलेली माणसं तो फळा वाचूनच तिकिटाच्या खिडकीकडं जात, नाहीतर बाजार करून घरी जात. फळ्यापायी नाना मला 'मास्तर' म्हणत. शाळेत मी कसे दिवे लावले होते हे ज्यांना ठाऊक होतं, ते या पदवीवर पोट धरून हसत.

नाना मेंढपाळ. पाटोद्याच्या वरच्या माळावर त्यांचा वाडा, म्हणजे जाळीची वाघर लावून केलेलं मेंढरांचं कुंपण आणि शेजारी राहायचं कापडी पाल. एकशे बारा मेंढरं. दर शुक्रवारी मेंढरं घरच्यांच्या हवाली करून नाना बाराच्या खेळाला हजर. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, कनवटीला गूळ-शेंगदाणे. बसायची जागा ठरलेली, शेवटची रांग, दाराजवळची खुर्ची. एकदा टॉकीजच्या मालकानं मोठ्या प्रेमानं त्यांना पुढं बसवायला नेलं, तर नाना म्हणाले, "कळपाच्या म्होरं बसून काय दिसतंय? राखणाऱ्यानं माघं ऱ्हावं." आणि परत आपल्या जागेवर.

त्यांचं मत दोनच शब्दांत असायचं. 'पुरा' किंवा 'कमी'. सिनेमात जेवढे जीव दाखवले, तेवढ्यांचं पुढं काय झालं ते कळलं तर सिनेमा पुरा. एखादा जीव मधेच गायब झाला आणि कुणी विचारलंही नाही, तर कमी. हाणामारी कशी, गाणी कशी, नटी कशी, याच्याशी नानांना घेणंदेणं नसे. बाकी लोकांची मतं मी फळ्यावर बारीक अक्षरात लिही आणि नानांचं मत खाली, ठळक. खेड्यावरचा माणूस जीपमधून उतरायच्या आधीच ओरडे, "मास्तर, पुरा हाय का कमी?"

एकदा एक अतिशय रडका सिनेमा आला होता. बाराच्या खेळाला बायकांनी पदर ओले केले. नाना बाहेर आले ते रागानंच.

"कमी."

"नाना, का बरं? सगळे भेटले की शेवटी!"

"आन कुत्रं? पयल्या गाण्यात साखळीला बांधलं. त्यानंतर बाप मेला, घर इकलं, पोरगी नांदायला गेली. कुत्रं कुणी सोडलं? कवापसून उपाशी हाय ते!"

मी जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. तीनच्या खेळाला हुंदक्यांच्या जागी आख्खं टॉकीज 'कुत्रं! कुत्रं!' असं ओरडलं. टॉकीजचा सगळा कारभार बघणारे गफूरभाई, म्हणजे मशीन तेच चालवत, दार तेच उघडत, ते माझ्यावर महिनाभर चिडून होते. मला मात्र त्या आठवड्यात चहा पुरला नाही.

नानांना मोजायची सवयच होती, ती काही पडद्यापुरती नव्हती. खेळ सुटला की ते दाराशी उभे राहून काठीचं टोक जमिनीवर टेकवत माणसं मोजत. कळप वाघरीतून बाहेर सोडतात ना, अगदी तसं. एकदा ते गफूरभाईंना म्हणाले, "आत एक राह्यलाय." गफूरभाईंनी आत नजर टाकली, कुणी दिसलं नाही, कुलूप लावून जेवायला गेले. तासाभरानं आतून दार बडवल्याचा आवाज. रोहतवाडीकडचा एक पाहुणा पहिल्या रांगेत खुर्च्यांखाली गार फरशीवर झोपला होता, त्याला अंधारात जाग आली आणि आपण मेलो असंच त्याला वाटलं. दार उघडलं तेव्हा तो गफूरभाईंच्या पाया पडला. त्या दिवसापासून गफूरभाई नानांना विचारल्याशिवाय कुलूप लावत नसत.

आणि कपिलधारची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, जरी घरी ती सांगायला बंदी आहे. आम्ही सहकुटुंब जीप करून कपिलधारला गेलो होतो. दर्शन झालं, धबधबा झाला, निघालो. वरच्या वळणावर मेंढरं आडवी आली म्हणून जीप थांबली. मेंढरं नानांची. नानांनी खिडकीतून आत बघितलं.

"मास्तर, सकाळी हितनं नऊ जन गेलते. आता आठच हायत."

मागं वळून बघतो तर सासूबाई नाहीत. त्या मंदिराच्या पायरीवर कुणा मैत्रिणीबरोबर गप्पा मारत राहिल्या होत्या. बायको माझ्याकडं अशी बघायला लागली की काय सांगू! मला ठाऊक होतं का नव्हतं, हा प्रश्न अजून आमच्या घरात सुटलेला नाही.

असे आमचे नाना. पण शेवटी शेवटी त्यांच्या डोळ्यांवर सायीसारखं काहीतरी आलं. आणि त्यांच्या मोजण्यावर पहिला संशय घेतला तो त्यांच्याच लेकानं, मारुतीनं.

मारुती वाईट माणूस नव्हता. उन्हातान्हात त्यानंही मेंढरांमागं पंचवीस वर्षं घातली होती. पण त्याच्या मनानं घेतलं होतं की मेंढरं विकावीत आणि एका जागी घर करावं. बापानं हट्ट धरला, म्हणून अडलं होतं. त्या आठवड्यात नुकतीच मेंढरांची लोकर कातरली होती, रंगाच्या खुणा लोकरीबरोबर गेल्या होत्या, सगळी मेंढरं उघडी आणि एकसारखी दिसत होती. तलावावर पाणी पाजून आणलं आणि नाना म्हणाले, "एक कमी हाय." मारुतीनं मोजली. एकशे बारा. पुन्हा मोजली. एकशे बारा. नाना म्हणाले, "एकशे बारा हायत, पर आपली एकशे बारा न्हाईत. काळ्या तोंडाची, म्होरला डावा पाय दबकून टाकनारी, ती न्हाई." मारुतीनं कपाळावर हात मारला. चार दिवस हेच चाललं. शेवटी त्यानं व्यापाऱ्याला निरोप धाडला, ऐतवारी या आणि मेंढरं घेऊन जा. ज्याला मोजता येत नाही त्याच्या ताब्यात कळप कसा ठेवायचा?

आणि त्याच शुक्रवारी टॉकीजला तो अंतराळाचा सिनेमा लागला. त्याचं नाव आमच्याकडं कुणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळे त्याला 'ग्रहाचा पिच्चर' म्हणत. अकरा जणांची तुकडी यानातून दुसऱ्या ग्रहावर उतरते, तिथल्या प्राण्यांशी तुंबळ लढते आणि परत येते. मधे अर्धा ग्रह फुटतो. बाराचा खेळ सुटला तेव्हा माझ्या हॉटेलात उभं राहायला जागा नव्हती आणि मी खडू घेऊन तयार.

"आवाज लई भारी, मास्तर! खुर्ची हालती!" हा ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर.

"कायबी दाखवत्यात बे," दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला. "एवढा मार बसला, एकालाबी सलाईन न्हाई."

"त्या यानाचं ॲव्हरेज काय असंल?" गॅरेजवाला विचारात पडला होता.

एक पुढारी चहा फुंकत म्हणाले, "एवढ्या खर्चात आपल्या तालुक्यातले समदे रस्ते झाले असते."

"अन् तुमी ते कागदावर केले बी असते," मागून आवाज आला. मी मागं वळून बघितलं नाही. पुढारी माझे उधारीचे नसले तरी रोजचे गिऱ्हाईक होते.

सगळ्यात शेवटी नाना आले, काठी टेकवत. मी त्यांच्या मतासाठी फळ्याची खालची जागा पुसून घेतली.

"कमी," नाना म्हणाले.

"नाना, अकराच्या अकरा आले की माघारी!" ड्रायव्हर ओरडला. "मी सोता बघितले, रांगेत उतरले."

"अकरा आले. पर गेलेले अकरा ते न्हवं. जाताना तिसरा गडी उजवा पाय जरा फेकून चालत व्हता. येताना तिसरा गडी सरळ चालत आला. आपला गडी तिथंच राह्यलाय. ह्यो दुसराच कुनीतरी घुसलाय."

"नाना, डोक्यावर काळ्या काचांची टोपडी व्हती सगळ्यांच्या! तोंडं कुठं दिसली?"

"तोंडं मेंढरांची तरी कुठं येगळी असत्यात? चाल बघावं."

हॉटेलात असा हशा उसळला की माझ्या हातातला खडू पडला. खरं सांगतो, मीही हसलो. आणि नेमका तेव्हाच मारुती बापाला न्यायला मोटारसायकलवरून आला. त्यानं सगळं ऐकलं, आणि त्याचा चेहरा उतरला. चारचौघांत बापाला लोक हसतात हे कुणाला आवडतं? तो नानांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"नाना, बास झालं. वाड्यातबी हेच, हितंबी हेच. चला, तीनचा खेळ आपुन दोघं बघू. तुमचा गडी राह्यल्याचं दिसलं, तर मेंढरांचा इषय काढनार न्हाई. न्हाई दिसलं, तर ऐतवारी यापारी येईल आन तुमी एक शबूद बोलायचा न्हाई."

नानांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. 

"चल," ते म्हणाले.

मी हॉटेल आचाऱ्यावर सोडून त्यांच्या मागं गेलो. नुसता मीच नाही, बाराच्या खेळाचे निम्मे लोक पुन्हा तिकीट काढून आत. असा खेळ मी आयुष्यात बघितला नाही! कुणाचं लढाईकडं लक्ष नव्हतं. तुकडी यानात चढली तशी आख्ख्या टॉकीजनं एका सुरात मोजली, एक, दोन, तीन! तिसरा गडी खरोखरच पाय फेकत होता का? कुणी म्हणे होता, कुणी म्हणे ग्रहावरची जमीनच वाकडी. शेवटी यान परत आलं, फाटक उघडलं आणि धुरातून टोपडी घातलेली माणसं उतरू लागली. "नऊ! दहा! अकरा!" टाळ्या, शिट्ट्या. आणि लगेच नावं.

आमच्या टॉकीजची एक पद्धत होती, ती इथं सांगायला हवी. पडद्यावर पहिलं नाव आलं की गफूरभाई आधी पंखे बंद करत, मग दिवे लावत आणि मग मशीन बंद. सहाच्या खेळाआधी झाडू मारायचा असे. पाटोद्यात इतक्या वर्षांत सिनेमातलं दुसरं नाव कुणी वाचलेलं नव्हतं. त्या दिवशीही पंखे थांबले, दिवे लागले, पडदा पांढरा झाला.

मारुती उठला. हळू आवाजात म्हणाला, "चला नाना."

नाना बसूनच.

"एक राह्यलाय."

"नाना, संपलं पिच्चर!"

"पिच्चर संपंल. गडी आला न्हाई, मी कसा उठू?"

गफूरभाई झाडू घेऊन आले. "नाना, उठो ना बावा. झाडू मारना है."

"मार की. मी पाय वर घेतो," असं म्हणून नानांनी खरंच पाय खुर्चीवर घेतले. "पर तुझी मशीन चालू कर गफूर. तू मधेच बंद केलीस."

कुणीतरी हसलं. मारुतीची मान खाली. मला वाटलं आता गफूरभाई चिडणार. पण ते झाडू धरून तसेच उभे राहिले. दाराकडं बघितलं, पहिल्या रांगेच्या खुर्च्यांखाली बघितलं. मला ठाऊक आहे त्यांना कोण आठवलं ते. अंधारात दार बडवणारा तो पाहुणा. एकदा नानांचं ऐकलं नव्हतं, त्याची लाज त्यांना अजून होती.

"चालू करता हूँ," ते पुटपुटले आणि वर गेले.

दिवे गेले. नावं पुन्हा सुरू झाली. बाप रे, किती ती नावं! अर्ध्या विलायतेनं मिळून तो सिनेमा केला असावा. मी हॉटेलातून चहाची किटली मागवली. दारात गेलेले लोक गंमत म्हणून परत फिरले आणि उभ्यानं चहा पीत नावं बघायला लागले. कंपाउंडर म्हणाला, "आपल्या तालुक्याची मतदारयादी याच्याहून बारीक हाय." नाना एकटे पडद्याकडं बघत होते, दोन्ही हात काठीवर, हनुवटी हातांवर. मारुती त्यांच्या बाजूला उभा, बसावं की जावं हे त्याला कळत नव्हतं.

शेवटचं नाव वर गेलं. पडदा काळा झाला. कुणीतरी "चला रे" म्हणालं.

आणि पडद्यावर तोच ग्रह आला. फुटलेला, धुरकट. दगडांखाली एक हात हलला. डोक्याचं टोपडं फुटलेलं, त्यातून एक थकलेला चेहरा दिसला. तो माणूस दगडाला धरून उठला आणि चालायला लागला. उजवा पाय फेकत. आणि तिकडं पृथ्वीवर, परतलेल्या तुकडीतल्या तिसऱ्यानं आपलं टोपडं काढलं. आत माणूस नव्हताच.

 मग जो कल्ला उठला, तो पार बसस्टँडपर्यंत गेला. गफूरभाई वरून ओरडत होते, "या अल्ला! कितने पिच्चर मैंने आधे में बंद किए!"

 मारुती सरळ बाहेर गेला, मोटारसायकलला लाथ मारली आणि माळाकडं निघाला. पुढचं त्यानंच मला नंतर सांगितलं. ऊन होतं तोवर त्यानं वाघरीची एक बाजू उघडून मेंढरं एकेक करून बाहेर चालवली. मोजली नाहीत. नुसते पाय बघितले. डावा पाय दबकून टाकणारी काळ्या तोंडाची त्यात नव्हती. तिच्या जागी एक परकी मेंढी मजेत चरत होती. तलावावर दोन कळपांची सरमिसळ झाली तेव्हा शेजारच्या मेंढपाळाची इकडं आली होती आणि यांची तिकडं गेली होती. त्याचाही आकडा बरोबर भरला, म्हणून त्यालाही पत्ता नव्हता. दिवस मावळायच्या आत ज्याची मेंढी त्याच्याकडं गेली.

ऐतवारी व्यापारी आला. मारुतीनं त्याला माझ्या हॉटेलात चहा पाजला आणि तिथूनच परत पाठवला.

पण मी शुक्रवारचं अर्धंच सांगितलं. मारुती गेल्यावर मी खडू घेऊन नानांजवळ गेलो. म्हटलं, "नाना, गडी सापडला. आता लिहू ना, पुरा?"

नाना माझ्यावर डाफरले. "कसला पुरा? त्यो तिथंच हाय की एकटा. त्याला आनायला कोन जानार?"

"दुसरा भाग येईल त्यात आणतील."

"कवा?"

"दोन-तीन वर्षांनी."

 "आन तवर त्यो खाईल काय?"

मी फळ्यावर लिहिलं, 'नाना म्हणतात, कमी. नावं संपेपर्यंत उठू नये.' तो सिनेमा आमच्याकडं सगळ्यात जास्त दिवस चालला, आणि सगळा गाव शेवटच्या नावापर्यंत बसायला शिकला. त्यामुळं सहाचा खेळ रोज उशिरा सुरू व्हायचा, ते वेगळं.

पुढं वर्षभरात टॉकीज बंद पडलं. गफूरभाई मुलाकडं गेले. फळा मी आत घेतला, त्यावर आता भज्यांचा भाव असतो. माणसं मोबाइलमधे सिनेमा बघतात आणि तिथंच मतं देतात, कुणाला पाच चांदण्या, कुणाला अर्धी. पुरा का कमी, कुणी विचारत नाही.

नानांना मी शेवटचं बघितलं ते ऊसतोड उरकल्यावर. माजलगावकडच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला बोलावतात, तिकडं त्यांचा कळप निघाला होता. सकाळची वेळ. हॉटेलासमोरचा रस्ता मेंढरांनी भरला, दोन्हीकडं गाड्या थांबल्या. पुढं मारुती, त्याची नजर मेंढरांच्या पायांवर. सगळ्यात मागं नाना, एका हातात काठी, दुसरा हात सुनेच्या खांद्यावर. डोळे जवळजवळ गेलेच होते. माझ्या बाकड्याशी येऊन थांबले.

"मास्तर, त्यो आला का घरी?"

कोण, हे मी विचारलं नाही. दुसरा भाग अजून यायचाच होता. पण नानांचा तो चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "आला, नाना. पुरा झाला."

नानांनी मान खाली केली. मला वाटलं, पटलं. मग बघतो तर ते माझ्या पायांकडं बघत होते, आणि मी उजव्या अंगठ्यानं माती उकरत होतो. त्यांना दिसत होतं का नव्हतं, देव जाणे. गालातल्या गालात हसले.

"बरं झालं," म्हणाले. "येईलच त्यो."

आणि कळपामागं निघाले. वळणापर्यंत धूळ एवढी उडाली की घोंगडी दिसेना, पागोटं दिसेना. खाली पाय तेवढे दिसत होते. डावा ठाम, उजवा जरा बाहेरच्या अंगाला, आणि मधे काठीचं टोक, टक, टक, मेंढरामागं एक.

त्या उन्हाळ्यात नाना तिकडंच वारले.

आणि परवा बीडला, शेवटचं नाव वर गेलं, पडदा काळा झाला, झाडूवाली बाईसुद्धा झाडू टेकवून माझ्या शेजारी उभी राहिली. मग पडद्यावर एका घराचं फाटक उघडलं.

आला, नाना. पाय फेकतच आला.